हातोहात आलेला पाळणा

बदलीच्या नोकरीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला संसारातील वस्तूंचे ओझे किती आणि मोह किती, हे निराळे सांगावयास नको. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलावे, नव्या निवासस्थानाच्या किल्ल्या घ्याव्यात आणि जुन्या निवासस्थानातील निम्मे सामान शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून मोकळे व्हावे, हा आपणा सर्वांचा परिपाठ. या वाटणीत कुलर जातो, लोखंडी पलंग जातो, तुळशीची कुंडीही जाते. पण सर्वांत अधिक घरे फिरते ते लहान मुलांचे साहित्य. मूल दोन वर्षांत मोठे होते, पाळणा मात्र वीस वर्षे टिकतो. त्यामुळे एखाद्या वसाहतीतील एकाच पाळण्याने चार प्रांतांची आणि चार भाषांची बालके जोजविलेली असतात, आणि तो प्रथम कोणी विकत घेतला हे कोणासच ठाऊक नसते.

ज्या गाझियाबादेत बसून हे लिहीत आहे, ते गावच मुळी मुक्कामाचे. अठराव्या शतकात वजीर गाजीउद्दीनाने येथे मोठी सराई बांधली आणि तिच्याभोवती गाजीउद्दीननगर वसले, असे येथील परंपरा सांगते. पुढे आगगाडी आली आणि ते लांबलचक नाव आखडून गाझियाबाद झाले. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी, म्हणजे नेमके बालदिनी, हा स्वतंत्र जिल्हा झाला. दिल्लीत कचेरी आणि वैशालीस, वसुंधरेत किंवा इंदिरापुरमला बिऱ्हाड, असे दिवस काढणारी मराठी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. सराईतला वाटसरू निघताना काहीबाही मागे ठेवून जातो. आपणही तेच करतो.

गेल्या हिवाळ्यात आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बातमी कळताच एका स्नेह्यांनी आपल्या घरी पडून असलेले सर्व बालसाहित्य मोठ्या अगत्याने पाठवून दिले. त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून मिळाले होते आणि त्या दुसऱ्यांना तिसऱ्यांकडून. लोखंडी चौकटीला टांगलेला एक पाळणा, एक बाजू खालीवर सरकणारी पांढऱ्या रंगाची लाकडी खाट, चाकांचा वॉकर, दुधाच्या सहा बाटल्या आणि झबली, टोपडी व दुपटी यांचे एक भले मोठे गाठोडे, असा तो ऐवज होता. कन्येने प्रत्येक वस्तू हातात घेऊन निरखली आणि गाठोडे व पाळणा तेवढा बाजूला काढून म्हणाली, "बाबा, बाकीचे मला नको."

प्रश्न उद्भवला तो येथून पुढे. आमच्याकडे धुण्याभांड्यांसाठी येणाऱ्या बाईंचे यजमान जवळच चाललेल्या एका इमारतीच्या बांधकामावर मजुरी करतात. त्यांचेही मूल तान्हे. आमच्या सौभाग्यवतींच्या मनात सहजच आले की, आपल्याला नको तर हे सारे त्यांना देऊन टाकावे. वस्तूही मार्गी लागेल आणि गरिबाची सोयही होईल. त्यावर कन्या शांतपणे म्हणाली, "आई, आपल्या बाळाला जे नको, ते त्यांच्या बाळाला चालेल कसे?" या प्रश्नाचे उत्तर घरात कोणापाशीच तयार नव्हते. इतिहासाची आवड असलेला मनुष्य अशा वेळी पुस्तकांकडे वळतो, तसा मीही वळलो.

आश्चर्य असे की, हा प्रश्न चरकसंहितेच्या कर्त्यासही पडला होता. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे, म्हणजे बालकाच्या निवासाचे वर्णन आहे. ते घर भक्कम असावे, अंधारे नसावे, श्वापदे, उंदीर आणि पतंग यांचा तेथे उपद्रव नसावा, असे सांगून ग्रंथकार अंथरूण-पांघरुणाकडे वळतो. ती मऊ, हलकी आणि स्वच्छ असावीत. घाम, मळ, कीटक किंवा मलमूत्र यांनी दूषित झालेली टाकून द्यावीत. मात्र दुसरी मिळण्याजोगी नसतील तर तीच चांगली धुऊन, धुरी देऊन, कोरडी करून वापरण्यास त्याची हरकत नाही. पुढे खेळण्यांविषयी त्याने घातलेले दंडक तर आजच्या एखाद्या मानक-समितीने मांडल्यासारखे आहेत. खेळणे जड नसावे, टोकदार नसावे, तोंडात शिरेल असे नसावे, जिवावर बेतणारे नसावे आणि भय उत्पन्न करणारे नसावे.

यातील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. वस्त्र वापरलेले असले तरी ते धुऊन शुद्ध होते, म्हणून तेथे अडचणीच्या वेळी सवलत आहे. खेळण्याच्या बाबतीत मात्र अशी सवलत दिलेली नाही. कारण टोकदार वस्तू धुतल्याने बोथट होत नाही. एका ठिकाणी दोष वस्तूला चिकटलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी तो वस्तूच्या घडणीतच असतो. वापरलेल्या वस्तूंचा विचार करताना हा भेद आपण बहुधा विसरतो.

आपल्या मराठी घरांतून बालकाला जुने देण्याची चाल मोठ्या प्रेमाने पाळली गेली. नवजात अर्भकाला नव्या कोऱ्या, खरखरीत कापडाऐवजी आजीच्या धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे बरे, हे आपल्या बायकांना पक्के ठाऊक होते. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे मुलाला दगडू, धोंडू, भिकू अशी नावे ठेवीत. जणू हे मूल म्हणजे कोणी टाकलेली वस्तू, हिच्याकडे मृत्यूने लक्ष देऊ नये. बालमृत्यूची ती दहशत ध्यानात घेतली म्हणजे पाळण्याभोवतीच्या समजुतींचाही अर्थ लागू लागतो. रिकामा पाळणा हलवू नये, असे वडीलधारी माणसे आजही बजावतात. बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालण्यापूर्वी वरवंट्याला अंगडे-टोपडे चढवून तो पाळण्यात ठेवण्याची रीत पुष्कळ घरी आहे. तिच्यामागील धार्मिक अर्थ काहीही असो. मला मात्र असे वाटते की, चार शेरांचा तो दगड कडीला, दोरीला आणि चौकटीला आधी पेलू द्यावा, मग त्यात जीव ठेवावा, हा व्यवहारही त्या रीतीत आपसूक साधला जात असला पाहिजे.

शिवाय त्या काळी पाळणा करणारा सुतार गावातच असे. बलुतेदारांपैकी तो एक. नांगराचा फाळ ज्या लाकडात बसे ते लाकूड त्याच्या हातचे, आणि मुलाचा पांगुळगाडाही त्याच्याच हातचा. पाळणा थोरल्या जावेकडून धाकटीकडे आला, तरी त्याची कोणती खिटी केव्हा बदलली हे सांगणारी सासू घरात असे आणि दुरुस्त करणारा कारागीर हाकेच्या अंतरावर असे. थोडक्यात, वस्तूबरोबर तिची हकीकतही पुढच्या घरी जाई. कारखान्याचा माल आला आणि ही साखळी तुटली. वस्तू हातोहात फिरू लागली. तिची हकीकत मात्र पहिल्याच घरी राहिली.

याचे परिणाम युरोप-अमेरिकेत आधी दिसले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि फ्रान्समध्ये दुधाच्या एका विशिष्ट बाटलीचा मोठा प्रसार झाला. तिला रबराची लांब नळी असे. मूल पडल्या पडल्या स्वतःच दूध ओढी आणि आईचे हात मोकळे राहत. पण ती नळी आतून स्वच्छ करणे जवळजवळ अशक्य होते. आत दूध आंबे, जंतू वाढत आणि बालके अतिसाराने दगावत. खुनी बाटली असेच नाव तिला पुढे पडले. डॉक्टर ओरडत राहिले, तरी ती सोयीची म्हणून खपत राहिली. अखेर फ्रान्सने १९१० साली कायद्याने तिच्यावर बंदी घातली. बाहेरून लखलखीत दिसणारी बाटली आतून कशी असेल हे पाहणाऱ्याला कळत नाही, हा धडा त्या कायद्यामागे होता.

रंगाची कथा अशीच आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने १९०४ साली असे प्रतिपादिले की, क्वीन्सलँडच्या मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगविलेल्या कठड्यांत आणि भिंतींत आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, १९१४ साली, अमेरिकेतील बाल्टिमोर येथे टॉमस व ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी एका मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या मुलाने आपल्या खाटेच्या कठड्यावरील पांढरा रंग दातांनी कुरतडून खाल्ला होता आणि शिशाच्या विषाने त्याचा अंत झाला. इतके होऊनही अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर देशव्यापी निर्बंध यावयास १९७८ साल उजाडले. आपल्याकडे २०१६ साली नियम झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग ही त्यांनी घातलेली मर्यादा. याचा सरळ अर्थ असा की, त्यापूर्वी रंगविलेल्या खाटेवर कोणता रंग आहे, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. आणि दात येणारे मूल प्रथम तोंडात घालते तो खाटेचा कठडाच असतो.

खाटेची घडणही वर्षानुवर्षे बदलत आली. दोन गजांतील अंतर अधिक असेल तर मुलाचे अंग त्यातून घसरते आणि डोके अडकते. म्हणून अमेरिकेत १९७३ सालापासून हे अंतर सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे असा नियम झाला. पुढे एक बाजू खालीवर सरकणाऱ्या खाटा लोकप्रिय झाल्या. आईला वाकावे लागत नाही, ही त्यांची सोय. पण वापराने त्यांचे खिळे-मळसूत्रे ढिली होत, सरकती बाजू एका कोपऱ्यातून सुटे आणि त्या फटीत मूल अडके. २००० सालानंतरच्या दहा वर्षांत अशा खाटांमुळे किमान ३२ बालके मृत्युमुखी पडली. जून २०११ मध्ये त्या देशाने या खाटांची निर्मिती आणि विक्री बंद केली. या निर्णयातील एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. जुन्या खाटा विकू नका, दानही करू नका. टाकावयाच्या असतील तर आधी सुट्या करून टाका, असे तेथील सरकारी खात्याने लोकांस सांगितले. वस्तू टाकणाऱ्याची जबाबदारी दाराबाहेर संपत नाही, हे एका शासनाने इतक्या स्पष्टपणे सांगितले.

आता वॉकर. पांगुळगाडा आणि वॉकर यांना पुष्कळजण एकच समजतात; तसे ते नाहीत. आपला पांगुळगाडा तीन चाकांचा. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि तो पुढे ढकलते. तोल गेला तर ते जागच्या जागी बसते. वॉकरमध्ये मूल मधल्या झोळीत लोंबत बसते, पायाची बोटे टेकवून ढकलते आणि चालावयास येण्यापूर्वीच त्याला धावण्याचा वेग मिळतो. मुलाला साधनात अडकवून चालावयास शिकविण्याची कल्पना युरोपात जुनी आहे. कोमेनियसने १६५८ साली मुलांसाठी केलेल्या सचित्र पुस्तकात पाळण्याबरोबर असे साधनही आलेले आहे, तर रूसोने १७६२ साली 'एमिल' या ग्रंथात अशा सर्व गाड्यांना आणि दोऱ्यांना साफ विरोध केला आहे. रूसोचा विरोध तत्त्वज्ञानाचा होता. पुढे आकडे आले. १९९० ते २०१४ या काळात अमेरिकेतील इस्पितळांत वॉकरमुळे जखमी झालेली सुमारे २,३०,००० बालके आणण्यात आली. त्यांपैकी दहांतील नऊ मुलांची इजा डोक्याला किंवा मानेला होती आणि चौघांपैकी जवळजवळ तिघे जिन्यावरून पडलेली होती. कॅनडाने ७ एप्रिल २००४ रोजी वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली; असे करणारा तो पहिला देश. ही बंदी केवळ दुकानांना नव्हे, तर घरासमोर जुने सामान मांडून विकणाऱ्या गृहस्थालाही लागू आहे.

आपल्या देशाकडे वळले तर बाटलीविषयीचा आपला कायदा फारच उद्बोधक आहे. स्तनपानाचा पुरस्कार करणारे देशव्यापी जाळे १९९१ च्या डिसेंबरात आपल्या वर्ध्यास स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी संसदेने बालदुग्धपर्याय व दुधाच्या बाटल्या यांचे नियमन करणारा कायदा केला. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे अनाथालयाखेरीज अन्य कोणासही दुधाची बाटली दान करता येत नाही. ही गोष्ट शासनसेवेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यालाही ठाऊक नव्हती, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. २०१५ साली भारतीय मानक ब्यूरोने प्लॅस्टिकच्या बाटल्या बिस्फेनॉल-ए या द्रव्यापासून मुक्त असाव्यात असे मानक ठरविले. त्याआधीची बाटली कितीही उकळली तरी तिच्या घडणीतले द्रव्य निघून जात नाही.

कायदे आणि आकडे येथवर. आमच्या घरातला प्रश्न त्याहून जुना होता. कठोपनिषदात वाजश्रवसाने यज्ञात गाई दान दिल्या. पण त्या अशा की, त्यांचे पाणी पिऊन झाले होते, गवत खाऊन झाले होते आणि दूध देऊन संपले होते. ते पाहून बालक नचिकेत अस्वस्थ झाला आणि त्याने बापाला अवघड प्रश्न केला. आपण ही कथा यमाच्या संवादासाठी वाचतो. पण तिची सुरुवात निरुपयोगी दानापासून होते आणि ते दान खटकते ते एका मुलाला, हे लक्षात घेतले पाहिजे. वाजश्रवसाच्या गाई निदान घेणाऱ्याच्या जिवावर उठणाऱ्या नव्हत्या. घडणीतच धोका असलेली खाट देणे हे त्याच्याही एक पाऊल पुढचे होय. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला ओझे आणि धोका मात्र त्या मुलाला, ज्याला कोणी विचारलेलेच नसते.

गरिबाच्या मुलाला काय द्यावे, याचा विचार मराठी माणसाने केलेला नाही असे नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम केले. १९४५ साली त्या बोर्डीस आल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी काम उभारले. माँटेसरीची साधने सुंदर, पण महाग. आणि खेड्यातल्या मुलाला परकी. शहरातील शाळांनी वापरून टाकलेली साधने आणून तेथे मांडणे सोपे होते. त्याऐवजी या दोघींनी गारगोट्या, शिंपले, बिया, पाने असे जे त्या मुलांच्या भोवती होते, त्यातूनच साधने घडविली. त्यांच्या कामाचा अर्थ मी असा लावतो की, साधन मुलाला साजले पाहिजे. मिळाले ते साधन मुलाला चालवून घ्यावयास लावणे हे शिक्षणही नव्हे आणि दयाही नव्हे.

दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, तीही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. विटा वाहणाऱ्या आईचे मूल मातीत पडलेले पाहून त्यांनी त्याला वस्तू दिली नाही. त्याच्याकडे पाहणारे माणूस दिले. पाळणाघर या आपल्या शब्दात पाळणा आहे, पण त्याचा अर्थ पाळण्यावर संपत नाही.

एवढा विचार झाल्यावर आम्ही ऐवजाचे तीन भाग केले. जे धुऊन शुद्ध होते ते पहिले: झबली-दुपटी कढत पाण्यात काढून तीन दिवस गच्चीवर उन्हात वाळविली. जे पारखून घेता येते ते दुसरे: पाळण्याची चौकट वेल्डिंगवाल्यास दाखविली, एक जोड चिरलेला निघाला, तो त्याने पक्का केला, आणि कापड व कड्या नव्या घातल्या. जे ना धुऊन सुधारते, ना डोळ्यांनी पारखता येते, ते तिसरे. खाट सुटी करून तिचे कठडे करवतीने कापले. वॉकरची चाके काढून झोळी फाडली. बाटल्यांना मोठी भोके पाडली. भंगारवाल्याच्या हातगाडीवर अखंड वस्तू गेली असती, तर आठवड्याने ती दुसऱ्या एखाद्या घरात दिसली असती. येथील थंडीत वसाहतीचे पहारेकरी रात्री शेकोटी करतात. रंगीत लाकूड जाळले तर शिसे धुरात आणि राखेत उतरते, म्हणून ते तुकडे शेकोटीकडे जाणार नाहीत याचीही दक्षता घेतली. चांगली दिसणारी वस्तू स्वतःच्या हाताने मोडताना जीव थोडा कासावीस झाला, हे खरे. आपल्या पिढीला टाकणे शिकविलेलेच नाही.

राहिल्या त्या बाई. सौभाग्यवतींनी त्यांना विचारले, "तुमच्या बाळासाठी काय हवे आहे?" इतकी वर्षे आम्ही देतच आलो होतो, विचारले असे हे प्रथमच. त्या थोड्या थांबल्या आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, "सामान नको माताजी. काम होईपर्यंत बाळाला इथे नजरेसमोर ठेवू द्या." आमच्या नातीहून त्यांचा मुलगा महिनाभराने मोठा. दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला. बारशाच्या दिवशी पाळण्यात आधी वरवंटा ठेवला, तेव्हा चौकट करकरली नाही, हे मी कान देऊन ऐकले.

चैत्रात कन्या नातीला घेऊन सासरी गेली. रिकामा पाळणा हलवू नये, म्हणतात. तो रिकामा राहिलाही नाही. बाईंचा मुलगा सकाळी दोन तास त्यात निजतो. तो उठून बसू लागला की त्याचेही पाळण्याचे दिवस संपतील आणि पाळणा पुढे कोणाकडे तरी जाईल. त्या वेळी बरोबर देण्यासाठी एक कागद मी आतापासूनच चौकटीला बांधून ठेवला आहे. कोणता जोड केव्हा पक्का केला, कड्या कोणत्या महिन्यात बदलल्या आणि मूल बसू लागल्यावर पाळणा वापरू नये, एवढेच त्यावर लिहिले आहे. मागचा इतिहास मला कोणी दिला नाही. माझ्या वाट्याचा मी लिहून ठेवला आहे.